उलटं पडलेलं झुरळ आणि दोन फुटी अरोवाना: एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात घोडबंदर रोडला लागून सात मजल्यांची एक इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले काका, काकू, मुलगा, सून आणि सहावीतला नातू राहतात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनाक्रम तसाच ठेवला आहे. हॉलमध्ये ५ बाय २ बाय २ फुटांची टाकी आहे. वरची जागा सोडली तर जेमतेम ५०० लिटर पाणी. तिच्यात जवळपास दोन फुटांचा सिल्व्हर अरोवाना मासा, सिल्व्हर डॉलर जातीचे चार लहान मासे आणि तळाला राहणारा एक सकर मासा. एवढ्या माशाला ही टाकी अपुरी आहे, हे मी वेळोवेळी सांगतो आणि काका वेळोवेळी शांतपणे ऐकून घेतात. टाकीची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे हे प्रकरण मला जवळून बघायला मिळालं.

अरोवाना या घरात आला तो बरकतीसाठी. हा मासा घरावरचं संकट स्वतःच्या अंगावर घेतो, असंही कुणीतरी सांगितलं होतं. ही समजूत पुढे आडवी आली, म्हणून इथे नोंदवतो.

मासा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. पावसाळ्यात नदीचं पाणी जंगलात शिरलं की तो झाडांच्या बुंध्यांमधून पृष्ठभागालगत फिरतो आणि फांदीवरचे भुंगे, कोळी, टोळ उडी मारून पकडतो. ब्राझीलमध्ये त्याला पाण्यातलं माकडच म्हणतात. त्याचं तोंड वरच्या दिशेला उघडतं आणि पाठ सपाट असते. ही सगळी रचना वरून पडणारा किडा टिपण्यासाठी आहे. त्यामुळे ‘माशाला किडे घालूच नका’ हा सरसकट सल्ला अरोवानाला लागू पडत नाही. किडा हेच त्याचं अन्न आहे. अडचण किड्याची नसते, तो कुठून आला याची असते.

या घरात किड्यांची सुरुवात सहज झाली. नातवानं एका रात्री बाथरूममधलं मोठं तपकिरी झुरळ चिमट्यानं उचलून टाकीत टाकलं. झाकणावर पाणी उडालं, ‘कट्’ असा आवाज आला आणि झुरळ गायब. मुलाला खेळ मिळाला आणि माशाला चटक लागली. दोन-तीन महिन्यांत माशानं विकतच्या खाद्याच्या दाण्यांकडे बघणं सोडलं. आठवड्यातून तीन-चार झुरळं आणि अधूनमधून सोललेली कोळंबी, एवढ्यावर तो राहू लागला. दाणे टाकले तर तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. अक्षरशः भाव खात होता.

काय घडलं

श्रावण अर्धा सरला होता. गणपतीच्या आधी सोसायटी दरवर्षी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये आणि डक्टमध्ये झुरळांचं औषध मारून घेते. त्या दुपारी ते काम झालं. मोठी तपकिरी झुरळं मुळात गटारातली रहिवासी. स्वयंपाकघरातली बारीक, फिकट झुरळं वेगळ्या जातीची. चेंबरमध्ये औषध पडलं की त्यातली काही तिथेच मरतात, काही पाइपानं वर चढतात आणि बाथरूमच्या जाळीतून घरात येतात. त्या रात्री तिसऱ्या मजल्यापर्यंत बरीच आली.

घरात कुणीही पेस्ट कंट्रोल करून घेतलेलं नव्हतं. काकूंचा याच मुद्द्यावर भर होता: “आमच्या घरात औषधाचा थेंब नाही.” आणि ते खरंही होतं.

नातवानं त्या रात्री पाच झुरळं माशाला घातली. एरवी एक पकडायला त्याला चप्पल, वर्तमानपत्र आणि बराच आरडाओरडा लागतो. त्या दिवशी, त्याच्याच शब्दांत, “पटापट मिळाली, सगळी उताणी होती.” दरम्यान सुनेनं बाकीच्या झुरळांवर बाथरूममध्ये आणि ओट्याखाली स्प्रे मारला. टाकीचा एअरपंप आवाज नको म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडच्या कपाटात ठेवलेला होता.

सकाळी मासा तिरका तरंगत होता. काकांनी दुकानदाराला फोन केला. त्यानं ‘इन्फेक्शन असेल’ म्हणून निळं औषध आणि मूठभर खडेमीठ टाकायला सांगितलं, हवा वाढवायला सांगितली. काकांनी तिन्ही गोष्टी केल्या आणि दोन तास वाट बघून मला बोलावलं.

मी पोहोचलो तेव्हा पाणी निळसर झालेलं. मासा पृष्ठभागाच्या खाली, डोकं वर आणि शेपूट खाली अशा तिरक्या कोनात. गालाजवळचे पर एकसारखे थरथरत होते. थोड्या थोड्या वेळानं डोक्यापासून शेपटीपर्यंत झटका जायचा आणि मासा बाणासारखा सुटून काचेवर किंवा झाकणावर आदळायचा. हनुवटीच्या दोन मिशांपैकी एक मुळाशी सोललेली होती. तळाशी, सकरच्या बाजूला, अर्धवट पचलेले पंख आणि पायाचे तुकडे पडले होते. माशानं रात्रीचं जेवण ओकून टाकलं होतं.

निदानाकडे कसं पोहोचलो

पाणी तपासलं. नायट्राइट शून्य, अमोनिया अगदी किंचित, पीएच ६.४. हिटर चालू, तापमान २८ अंश. आजारी माशाची पहिली शंका पाण्यावर घ्यायची असते आणि इथे पाणी एवढं वाईट नव्हतं.

दुसरा धागा बाकीच्या माशांचा. चारही सिल्व्हर डॉलर नेहमीसारखे कळपानं फिरत होते, मी हात आत घातल्यावर खायला मिळेल म्हणून जवळ आले. सकरही ठीक. विष पाण्यात असतं तर हे लहान मासे आधी आडवे झाले असते. एकाच माशाला त्रास, आणि तोही झुरळं खाणाऱ्या एकट्या माशाला. (टाकीत गोगलगायी असत्या आणि त्या मजेत असत्या, तरी त्यावरून काही ठरवता आलं नसतं. झुरळांच्या बहुतेक फवाऱ्यांमध्ये पायरेथ्रॉइड वर्गाची औषधं असतात आणि गोगलगायी ती बऱ्यापैकी सोसतात. ‘गोगलगाय जिवंत आहे म्हणजे पाणी सुरक्षित’ हा ठोकताळा इथे फसतो.)

तिसरा धागा नातवाच्या ‘उताणी’ या शब्दात होता. धडधाकट झुरळ उताणं पडून राहत नाही. मज्जासंस्थेवर औषधाचा परिणाम झाला की ते पाठीवर पडतं आणि पाय झाडत राहतं. त्यामुळे फवारणीनंतर जी झुरळं हाताला लागतात ती बहुतेक विषबाधा झालेलीच असतात. निरोगी असती तर पळाली असती. म्हणजे नातू पकडायला सोपी म्हणून जी उचलत होता, नेमकी तीच माशाला घालायची नव्हती.

खाली नोटीसबोर्डवर सूचना लावलेली होती, व्हॉट्सॲप ग्रुपवरही होती. दोन्हींत औषधाचं नाव नव्हतं. सेक्रेटरींकडून ठेकेदाराचा नंबर घेतला, त्यानं डब्याच्या लेबलचा फोटो पाठवला. सायपरमेथ्रिन, म्हणजे पायरेथ्रॉइडच. वर निरोप: “काळजी करू नका, लाल त्रिकोण नाही, निळा आहे.”

हा त्रिकोण समजून घेण्यासारखा आहे. कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालचे १९७१ चे नियम यांनुसार आपल्याकडच्या प्रत्येक डब्यावर चौकटीत रंगीत त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा, अशा उतरत्या क्रमानं तो विषारीपणा दाखवतो. पण ही वर्गवारी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरच्या, मुख्यतः उंदरांवरच्या, चाचण्यांतून ठरते. माशाचा त्यात विचार नाही. माणूस, कुत्रा, उंदीर यांच्या यकृतात पायरेथ्रॉइड भराभर मोडलं जातं, माशाला ते तितकं जमत नाही. सायपरमेथ्रिन पाण्यात असेल तर लिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅमलाही कित्येक जातींचे मासे मरतात. ५०० लिटरच्या टाकीचा हिशेब केला तर एकूण एक मिलिग्रॅमच्या आसपास. निळा काय किंवा हिरवा काय, टाकीच्या मालकाला त्या त्रिकोणाचा उपयोग नाही.

पोटातून जाणारं विष कल्ल्यांतून जाणाऱ्या विषाइतकं लवकर भिनत नाही, हे इथे माशाच्या पथ्यावर पडलं. शिवाय त्यानं बरंचसं ओकून टाकलं होतं.

समोरचे पर्याय

काकूंचं म्हणणं होतं की काही करू नये. “आपल्यावरचं त्यानं घेतलं, आता त्याला त्रास कशाला?” मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं की काकू, ओकून टाकल्यामुळे तो वाचण्याची शक्यता चांगली आहे. त्यावर त्या बाजूला झाल्या.

अशा विषबाधेवर माशासाठी उतारा असं औषध नाही. शरीर विष बाहेर टाकेपर्यंत त्याला सांभाळायचं, एवढंच हातात असतं. त्यामुळे प्रश्न ‘कोणतं औषध’ हा नव्हता, ‘किती हात लावायचा’ हा होता.

एक पर्याय होता मासा काढून स्वच्छ पाण्याच्या टबात ठेवायचा. दोन फुटी, झटके देणारा अरोवाना जाळीत धरणं म्हणजे खवले आणि उरलेली मिशी गमावणं, शिवाय टबातून बाहेर उडी मारण्याचा धोका. तो बाद केला.

दुसरा पर्याय, सगळं पाणी बदलायचं. काका याच बाजूचे होते: “विष आहे ना, मग ओतून टाका सगळं.” ऐकायला बरोबर वाटतं. पण टाकीचा पीएच ६.४ आणि नळाच्या पाण्याचा ७.४ होता. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पीएच एकदम वर नेला की त्याचा विषारी रूपातला हिस्सा कितीतरी पटींनी वाढतो. निळ्या औषधानं फिल्टरमधल्या, अमोनिया मोडणाऱ्या जिवाणूंनाही दणका दिलेला असणार, म्हणजे अमोनिया वाढण्याची शक्यता होतीच. एका विषातून काढून दुसऱ्यात टाकण्यात अर्थ नव्हता.

तिसरा, टप्प्याटप्प्यानं पाणी बदलायचं आणि फिल्टरमध्ये कार्बन घालायचा. हाच घेतला.

काय केलं

सगळ्यात आधी तळाचे तुकडे सायफनने काढले. एकही तुकडा टाकीत राहिला असता तर सकरनं किंवा अरोवानानंच तो पुन्हा खाल्ला असता. मग एअरपंप बंद केला. हे बघून काका गोंधळले, कारण सगळे हवा वाढवायला सांगतात. पण पंप ज्या हवेत असतो तीच हवा तो पाण्यात ढकलतो, आणि हा पंप स्प्रे मारलेल्या स्वयंपाकघराला लागून होता. सिल्व्हर डॉलर ठणठणीत होते म्हणजे फार काही गेलं नव्हतं, तरी तो धोका तसाच चालू ठेवायचं कारण नव्हतं. पंप गॅलरीच्या बाजूला हलवला, नळी नवीन लावली आणि मग पुन्हा सुरू केला. डास मारायचं लिक्विडचं मशीन हॉलमधून काढायला लावलं. त्यातही याच कुळातलं औषध असतं.

पाणी बदललं ते तीस टक्के, अँटिक्लोरीन घालून आणि गरम पाणी मिसळून २८ अंशांवर आणून. पावसाळ्यात नळाचं पाणी गार येतं. पायरेथ्रॉइडचा विषारीपणा थंड पाण्यात वाढतो, त्यामुळे इथे तापमानात ढिलाई चालत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. फिल्टरच्या एका कप्प्यात स्पंजऐवजी धुतलेला ॲक्टिव्हेटेड कार्बन भरला. पायरेथ्रॉइड पाण्यात विरघळून राहण्यापेक्षा अशा पृष्ठभागांना चिकटणं पसंत करतं. निळं औषधही त्यातच अडकलं आणि संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा पारदर्शक दिसायला लागलं.

टाकीचे दिवे बंद, तीन बाजूंना जुन्या चादरी. झाकणाच्या आतून थर्माकोलचा पातळ तुकडा चिकटवला, म्हणजे मासा वर आदळला तरी डोकं फुटणार नाही. आठवडाभर खायला काही नाही. हे शेवटचं पथ्य घरच्यांना सगळ्यात कठीण गेलं. एवढा मोठा अरोवाना आठ-दहा दिवस उपाशी आरामात राहतो, पण आजीसमोर हे विधान टिकत नाही.

तिसऱ्या दिवसापासून झटके कमी झाले. आठवड्याच्या शेवटी मासा आडवा, सरळ पोहायला लागला. सोललेली मिशी गळून पडली.

मग खायला काय?

खरी चर्चा इथून पुढे झाली. मासा वाचला, पण तो दाणे खात नव्हता, आणि झुरळं बंद. प्रत्येकाकडे पर्याय होता.

मुलानं सुचवलं की जुन्नरकडच्या नातेवाइकांनी बाटलीभर नाकतोडे आणून दिले तर? शेताच्या बांधावर ढीगभर असतात. मी विचारलं, बांध कशाचा? सोयाबीनचा. श्रावणात सोयाबीनवर फवारणी सुरू असते. झुरळांच्या बाबतीत जे झालं तेच तिथेही होतं: बाटलीत सहज जमा होतात ते नाकतोडे औषधानं मंदावलेले असण्याची शक्यता जास्त. नाकतोडा चांगला खाऊ आहे, मागचे काटेरी पाय तोडून घातला की अरोवाना तो आवडीनं खातो. पण तो अशा ठिकाणचा हवा जिथे आजूबाजूला फवारणी नाही, आणि ते खात्रीनं सांगणारं कुणी नव्हतं.

नातवाला गच्चीवर बादली भरून डासांच्या अळ्या करायच्या होत्या. लहान माशांना त्या उत्तम, दोन फुटी अरोवानाला मात्र फुटाण्याएवढ्याही नाहीत. त्यात उघड्या बादलीतून आठवड्याभरात डास बाहेर पडतात, आणि डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. महापालिकेचे लोक तपासणीला येतात ते वेगळंच. दोन मिनिटांत विषय संपला.

सोसायटीच्या कंपोस्टच्या पिंपात काळ्या सैनिक माशीच्या जाडजूड अळ्या होत्या. हा पर्याय मला स्वतःला मोहात पाडणारा होता, कारण बहुतेक किड्यांमध्ये कॅल्शियम अगदी कमी असतं आणि या अळीत ते भरपूर असतं. पण ही अळी जे खाते त्यातलं कॅडमियमसारखं काही असेल तर तेही अंगात साठवते, आणि त्या पिंपात पंचेचाळीस घरांचं काय काय पडतं हे कुणी सांगावं? शिवाय माश्या झाल्या की सफाई कामगार पिंपाभोवती पावडर मारत होता. नको म्हटलं.

किडे कायमचे बंद करून फक्त कोळंबी आणि दाणे, हा सगळ्यात सरळ पर्याय होता. सुनेचं मत तेच होतं आणि ते चुकीचं नव्हतं. पण मासा दाणे घेत नव्हता, आणि रोजच्या रोज फक्त कोळंबी हाही काही समतोल आहार नाही.

शेवटी ठरलं मीलवर्म घरी पाळायचे. अट सुनेची: डबा स्वयंपाकघरात येणार नाही आणि झाकण उघडं राहणार नाही.

पहिला डबा का मेला

मीलवर्म म्हणजे एका काळ्या भुंग्याची अळी. कोंड्यात राहते, कोंडाच खाते, ओलाव्यासाठी गाजराची चकती पुरते. दुकानातून शे-दोनशे अळ्या आणल्या. काकांनी पसरट डब्यात कोंडा भरला आणि काटकसर म्हणून त्यात घरच्या तांदळाची कणी मिसळली.

पंधरा दिवसांत अळ्या सुस्तावल्या, काळ्या पडल्या आणि मरत गेल्या. काकांना वाटलं पावसाळी दमट हवेमुळे बुरशी लागली. बुरशी नव्हती. मी काकूंना विचारलं, तांदळाला काय लावता? “बोरिक पावडर. किडे होऊ नयेत म्हणून.”

वर्षाचा तांदूळ भरताना कितीतरी घरांत हेच करतात. आपण तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन घेतो, अळी धूत नाही. किडे मारण्यासाठी लावलेली पावडर किड्यांनाच खायला दिली होती. तरी हे अपयश कामाचं ठरलं. अळ्या डब्यातच मेल्या, माशापर्यंत पोहोचल्या नाहीत. त्यावरून एक नियम ठरवला: बाहेरून आणलेला कोणताही किडा आधी स्वतःच्या माहितीतल्या अन्नावर किमान आठवडाभर ठेवायचा. जगला, वाढला, कात टाकली, तरच टाकीत. जड धातू किंवा बोरिकसारख्या सावकाश मारणाऱ्या गोष्टी या चाळणीतून निसटू शकतात, पण फवारणीच्या औषधाचा डोस घेतलेला किडा सहसा आठवडा काढत नाही.

दुसऱ्या डब्यात चक्कीवरून घेतलेला गव्हाचा कोंडा होता. चक्कीवाल्याला गव्हाला काही लावलं होतं का ते विचारून घेतला, पिशवीत बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवला, म्हणजे त्यातले सूक्ष्म किडे आणि अंडी मरतात. गाजराची चकती एक दिवसाआड बदलायची, ओली राहिली तर कोंड्याला बुरशी येते. हा डबा टिकला. अळीचा कोश, कोशाचा भुंगा, भुंग्याची अंडी, असं चक्र चालू व्हायला तीनेक महिने गेले. तोवर विकतच्या अळ्या घेतल्या, आठवड्याच्या नियमानं.

माशाला घालायच्या आदल्या दिवशी अळ्यांना गाजर आणि पालकाबरोबर थोडे माशाचेच दाणे चुरून खायला द्यायचे. अळीच्या पोटात जे असतं तेही माशाला मिळतं. मीलवर्मच्या ओल्या वजनात साधारण तेरा टक्के चरबी असते, सुपरवर्म नावाच्या मोठ्या अळीत अठराच्या आसपास. टाकीत दिवसभर एका जागी वळणाऱ्या माशाला रोज हे घातलं तर यकृतावर चरबी चढते. म्हणून आठवड्यातून दोनदा, तेही मोजून.

निकाल

सुमारे सहा आठवड्यांनी माशानं पहिला दाणा गिळला. युक्ती जुनीच आहे: पोट रिकामं ठेवायचं, आधी दोन अळ्या टाकायच्या, तो वर येऊन तोंड उघडायला लागला की तिसऱ्या वेळी अळीऐवजी दाणा. सुरुवातीला थुंकला. नंतर घाईत गिळून गेला. आता आठवड्यात तीन दिवस दाणे, दोन दिवस अळ्या, एक दिवस कोळंबी आणि एक दिवस उपास. मिशी अर्धी परत आली, थोडी वाकडी. उजव्या बाजूचे आदळून गेलेले खवले नवे आले आहेत, रंगानं किंचित फिके.

सुनेला दम्याचा त्रास आहे. झुरळं हाताळणं बंद झाल्यावर तिची एक काळजी मिटली, कारण झुरळांच्या अंगाची आणि विष्ठेची धूळ दमा वाढवते. मीलवर्मचा कोंडा चाळतानाही धूळ उडते, म्हणून ते काम गॅलरीत आणि काकांकडे.

निर्णयांकडे पुन्हा बघताना

पहिली जागा अर्थातच ती रात्र. ‘आमच्या घरी औषध नाही’ यावर निर्णय घेतला गेला, पण झुरळाला घराची हद्द माहीत नसते. इमारतीत राहणाऱ्यानं गटारातलं झुरळ कधीच खाऊ म्हणून धरू नये, फवारणी असो वा नसो. गटारातून ते साल्मोनेलासारखे जंतूही घेऊन येतं. हे नातवाला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि मुलांनी तसं गृहीत धरावं अशी अपेक्षाही चूक आहे.

दुसरी जागा सकाळचे ते दोन तास. दुकानदारानं फोनवर, मासा न बघता, औषध सांगितलं. निळं औषध बुरशीवर कामाचं आहे, पण इथे त्याचा उपयोग शून्य आणि फिल्टरला तोटा. त्या दोन तासांत तळाचे तुकडे काढून तीस टक्के पाणी बदललं असतं तर बरं झालं असतं. अचानक आजारी पडलेल्या माशाच्या बाबतीत, कारण कळलेलं नसताना, योग्य तापमानाचं थोडं पाणी बदलणं हे जवळपास नेहमीच कोणत्याही बाटलीपेक्षा सुरक्षित असतं.

तिसरी जागा अशी जिच्याबद्दल माझं मत अजून पूर्ण ठरलेलं नाही: सुनेचं ऐकून किडे कायमचे बंद करायला हवे होते का? घरात लहान मूल, दमेकरी माणूस आणि जागा कमी. दाण्यांवर वाढलेला अरोवाना उत्तम राहतो. पण त्या आठवड्यात मासा दाणे घेतच नव्हता, आणि अळ्यांमुळेच तो दाण्यांवर आला. आता तो दाणे खातो, तर अळ्यांचा डबा हवाच असं नाही. काका मात्र डबा बंद करायला तयार नाहीत. त्यांनी त्यावर तारखा लिहायला सुरुवात केली आहे.

नातवाला शेतातले किडे आणायचे असतील तर काय टाळायचं याची यादी मी त्याला लिहून दिली: काजवे, केसाळ सुरवंट, रुईवरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या, वास मारणारे ढेकणासारखे किडे, भडक लाल-पिवळे ठिपकेदार भुंगे. या मंडळींच्या अंगात स्वतःचंच विष असतं, त्यांना फवारणीची गरज नाही. यादी त्यानं टाकीच्या कपाटाला आतून चिकटवली.

सोसायटीत एक बदल झाला. फवारणीच्या नोटिशीत आता औषधाचं नाव आणि वेळ दोन दिवस आधी येते. सेक्रेटरींना ते पटवायला अरोवाना पुरला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या मांजरवाल्या बाईंनीही तीच मागणी केली, तेव्हा ठराव झाला. पुढच्या फवारणीआधी काका बाथरूमच्या जाळीवर फरशी ठेवतात, दार बंद करतात आणि पंप दोन दिवस गॅलरीतच राहतो.